चुलीवर ठेवलेल्या डिस्का

कणकवलीच्या बाजारात मला 'डिस्कवालो' म्हणतात. माझं खरं नाव घेऊन कोणी चौकशी केली तर शेजारचा चपलांचा दुकानदार आधी गोंधळतो, मग त्याच्या डोक्यात उजेड पडतो. "हां, डिस्कवालो! थंय, पंख्याखाली बसलेलो." वर्षानुवर्षं एका जागी बसून माणसानं एवढी कीर्ती मिळवली तर पुष्कळ झालं.

संगणकात मुख्य कामं दोन. एक विचार करायचं, दुसरं लक्षात ठेवायचं. विचार करणाऱ्या भागाची सगळीकडे वाहवा होते. मी लक्षात ठेवणारा भाग विकतो, आणि तोही घरगुती नव्हे, धंद्याचा. पतपेढ्या, रक्त तपासणाऱ्या लॅब, मालवणातले लॉज, काजूचे आणि आंब्याचे कारखाने ही माझी गिऱ्हाइकं. नवीन लग्न झालेलं असताना हे सगळं मी बायकोला मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "तुमका सांगलेली भाजी लक्षात रवणा नाय, आणि लोकांका लक्षात ठेवची वस्तू विकतास?"

पूर्वी संगणकाची आठवण एका फिरत्या तबकडीवर असायची. तिला हार्ड डिस्क म्हणतात. ती गरगर फिरते आणि एक बारीक काटा तिच्यावरून वाचत जातो. धक्का बसला, की काटा तबकडीला घासतो आणि खेळ खलास. मग एसएसडी आली. तिच्यात फिरणारं काही नाही. सगळी माहिती बारीक बारीक कप्प्यांत विजेच्या रूपानं भरून ठेवलेली असते. आवाज नाही, काटा नाही, आणि वेग असा, की ज्या संगणकासमोर माणसं चहा पिऊन यायची, तो आता चहा सांगायच्या आत तयार असतो.

सुरुवातीला मात्र कोणी घेईना. इन्सुलीकडच्या एका पतपेढीत मी पहिली एसएसडी बसवली आणि घरी पोचतो न पोचतो तोच मॅनेजरांचा फोन. कचेरीत ते शुद्ध मराठीत बोलायचे. "साहेब, आपण बसवलेल्या यंत्राचा काहीच आवाज येत नाही." मी म्हटलं, "येणारच नाही. तेच तर तिचं वैशिष्ट्य." इथे त्यांची शुद्ध मराठी संपली. "अरे, पण जिता आसा की मेला, ता कळाक नको?" पुढे कितीतरी दिवस ते सकाळी यंत्राच्या खोक्याला हात लावून ते कोमट आहे की नाही ते बघायचे. मी त्यांना मनातल्या मनात हसलो होतो. आता वाटतं, त्या बाबतीत ते माझ्या पुष्कळ पुढे होते.

गिऱ्हाइकाला पटवायची माझी एक ठरलेली युक्ती होती. खिशातून एसएसडी काढायची, त्याच्या देखत फरशीवर टाकायची, उचलून जोडायची आणि म्हणायचं, "दगड आहे दगड." मालवणातल्या एका लॉजवाल्यानं हे ऐकून घेतलं, डिस्क माझ्या हातातून घेतली आणि वरच्या गॅलरीतून खालच्या चिऱ्यांच्या अंगणात भिरकावली. "बघूया तुझो दगड." मी जिने उतरताना देवाचं नाव घेत होतो. कवचाचा कोपरा चेपला, पण डिस्क चालली. त्यानं लॉजच्या सगळ्या यंत्रांसाठी ऑर्डर दिली आणि मी ती गोष्ट जिल्हाभर सांगत सुटलो. दगड फुटत नाही, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

दरम्यान बाजार बदलत गेला. दर हंगामाला भाव उतरायचे. जी डिस्क एका वर्षी तपकिरीच्या डबीएवढी माहिती घेऊन महाग वाटायची, ती पुढच्या वर्षी निम्म्या किमतीत दुप्पट मोठी मिळायची. यामागची युक्ती अशी, की पूर्वी एका कप्प्यात एकच बिऱ्हाड राहायचं, आता कंपन्यांनी एकेका कप्प्यात चार चार बिऱ्हाडं कोंबली. जागा स्वस्त झाली, पण भिंती लवकर झिजू लागल्या. कागदावर हे मला माहीत होतं. गिऱ्हाइकाला सांगताना मी पहिलं वाक्य मोठ्यानं बोलायचो आणि दुसरं खोकत.

आणि आता गेल्या काही दिवसांत भाव पुन्हा चढायला लागलेत. मुंबईचा व्यापारी सकाळी दर देतो आणि दुपारी म्हणतो, "तो सकाळचा होता." हे का, ते मालवणच्या माणसाला समजवायला मला फार वेळ लागत नाही. बंदरावर लिलावात चांगली सुरमई आली की मोठे खरेदीदार ती उचलून बाहेर पाठवतात, आणि ज्याच्या दारात समुद्र आहे तो बांगड्यावर समाधान मानतो. तसंच. बाहेर कुठेतरी विचार करणाऱ्या, एआय म्हणतात त्या यंत्रांची प्रचंड गोदामं उभी राहतायत आणि जगभरातला चांगला माल तिकडे चाललाय. आमच्या वाट्याला उरतो तो आम्ही घेतो. पूर्वी मी जी हार्ड डिस्क हिणवून बाहेर काढायचो, तीच आता लोक मला हळूच विचारतात, "जुनी एखादी आसा काय रे?"

अशाच भावांच्या चढउतारात मला एक शोध लागला होता. मोठ्या कंपन्या आपल्या सर्व्हरमधल्या डिस्का ठराविक मुदतीनंतर काढून टाकतात. त्या बिघडलेल्या नसतात, फक्त वापरलेल्या असतात. असा माल व्यापाऱ्यांमार्फत लहान गावांत उतरतो. अव्वल दर्जाची वस्तू, किंमत बेताची. मी त्या घेऊ लागलो आणि स्वतःवर भलताच खूश झालो. गिऱ्हाइकाला सांगायचो, "साहेबाच्या हाताखाली काम केलेली आहे." वापरून वापरून तिचे कप्पे झिजलेत आणि वीज धरून ठेवायची त्यांची ताकद कमी झाली आहे, हे मला त्या कौतुकाच्या भरात आठवायचं नाही.

अशा तीन डिस्का मी विजयदुर्गाजवळच्या एका आंब्याच्या कारखान्यात बसवल्या.

हा कारखाना शालनवैनींचा. नवरा बोटीवर इंजिनियर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. कारखाना त्यांच्या सासऱ्यांनी काढला होता. ते थकल्यावर तो बंद करून मुंबईला या, असं दीर सांगत होते, पण वैनींनी ऐकलं नाही. हापूसचा रस काढून डब्यांत भरायचा, डबे बंद करून शिजवायचे आणि बाहेर पाठवायचे, असं काम. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका तिथे आंबे धुतात, कापतात, डबे पुसतात. त्या थोड्या महिन्यांच्या कमाईवर त्यांची वर्षभराची बरीच कामं होतात. बॉयलर सांभाळतात आबा. वय विचारलं तर म्हणतात, "बॉयलरापेक्षा म्होटो, गडापेक्षा बारको."

त्या वर्षी वैनींना प्रथमच परदेशातला मोठा खरेदीदार मिळाला होता. त्याची एक अट होती. डब्यांचा प्रत्येक लॉट किती तापमानावर, किती वेळ शिजला, याची यंत्रानं आपोआप केलेली नोंद दाखवायची. हातानं लिहिलेलं चालणार नाही. नोंद नसेल तर तो लॉट घेणार नाही. म्हणून मी सर्व्हर बसवला. एकाच नोंदी एकाच वेळी दोन डिस्कांवर लिहिल्या जातील, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे, आणि तिसरीवर वेगळी प्रत. वैनींनी विचारलं, "इंटरनेटावर पण ठेवूया?" तिथे पावसात लाइन टिकत नाही, आणि मला माझ्या दगडावर पूर्ण विश्वास होता. मी म्हटलं, "तीन ठिकाणी आहे, वैनी. आणखी काय हवं?"

हंगाम संपला. माल गोदामात रचून झाला. पावसात कारखाना बंद असतो, पत्रे गळतात, विजा पडतात, म्हणून आमच्याकडे सगळे लोक सगळ्या यंत्रांच्या वायरी काढून ठेवतात. वैनींनी तिन्ही डिस्का काढून घरी नेल्या. आणि कोकणातल्या घरात पावसाळ्यात जी वस्तू कोरडी राहावी असं वाटतं, ती जिथे ठेवतात तिथेच ठेवल्या. चुलीच्या वरच्या फळीवर. एका बाजूला आमसुलं, एका बाजूला बियाण्याची पोटली, मध्ये सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि त्यांच्या शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेल्या माझ्या तीन डिस्का.

श्रावणात मी दुसऱ्या कामासाठी तिकडे गेलो असताना वैनींनी जेवायला थांबवलं. पानावर बसलो असताना मला ती पिशवी दिसली. "वैनी, त्या डिस्का ना?"

"व्हय. दमट लागता नये म्हणान वर ठेवलंय. चुकला काय?"

अशा वेळी जाणकार माणसानं क्षणभर विचार करावा. मी भात कालवत म्हणालो, "वा वैनी! माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत तुम्हीच शहाण्या. दमटपणा हा एकच शत्रू. उबेत राहू देत." आणि आमटी मागून घेतली.

आता बाहेरच्या माणसासाठी खुलासा. एसएसडी दगड नाही. तिच्या कप्प्यांत भरलेली वीज फार हळूहळू, पण गळत असते. यंत्र चालू असेल तर डिस्क स्वतःच आपले कप्पे तपासते आणि जिथे कमी झालं असेल तिथे पुन्हा भरते. ती बंद ठेवली तर तपासणार कोण? आणि ऊब असेल तर गळती वाढते. नवीन डिस्क असेल तर ती पुष्कळ काळ निभावून नेते. झिजलेली डिस्क बंद करून महिनोन्महिने चुलीवर ठेवणं म्हणजे तिला सगळं विसरायला मदत करणं. हे प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं. मी मोठी अक्षरं वाचणारा माणूस.

मार्चमध्ये वैनींचा फोन आला. खरेदीदाराचा तपासणीस परवा येणार, गेल्या हंगामातल्या नोंदी बघणार आणि मग माल उचलायचा की नाही ते सांगणार. मी ऐटीत हत्यारांची बॅग घेऊन पोचलो. कारखान्यात नव्या हंगामाची झाडलोट चालली होती. बायका टाक्या घासत होत्या, आबा बॉयलरच्या तोंडाशी बसून विडी ओढत होते.

वैनींनी डिस्का आणून टेबलावर ठेवल्या. दोन त्याच पिशवीत होत्या, धुराचा आणि सुंगटांचा वास मारत. तिसरी वेगळ्या कपड्यात गुंडाळलेली. कपडा सोडला आणि मी हबकलो. डिस्कवर हळद, त्यावर कुंकवाचं मोठं बोट, झेंडूची वाळकी पाकळी आणि जोडायच्या खाचेत अक्षता अडकलेल्या.

"हे कोणी केलं?" मी ओरडलोच.

आबा दारातून म्हणाले, "मी. खंडेनवमीक पूजा केलंय."

"आबा, ही नाजूक वस्तू आहे! खाचेत कुंकू गेलं तर यंत्र जळेल. इथे धूळ चालत नाही आणि तुम्ही तांदूळ भरलेत?" असं मी बराच वेळ बोलत राहिलो. टाक्या घासणाऱ्या बायका काम थांबवून ऐकायला लागल्या, तेव्हा माझा आवाज आणखी चढला. मी ती डिस्क दोन बोटांनी उचलून खिडकीत ठेवली आणि सुंगटांच्या वासाच्या दोन स्वच्छ डिस्का हातात घेतल्या.

पहिली जोडली. संगणकानं तिचं नाव सांगितलं, आकार सांगितला. मी वैनींकडे बघून हसलो. मग नोंदी उघडायला गेलो तर पहिली उघडेना, दुसरी अर्धीच उघडली, बाकीच्या ठिकाणी नुसती चिन्हं. पुन्हा केलं, तेच. माझं हसू तसंच तोंडावर राहिलं होतं, ते कुठे ठेवायचं ते कळेना. दुसरी जोडली. तिनं तर नावही सांगितलं नाही.

मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन लावला. डिस्का किती दिवस बंद होत्या आणि कुठे ठेवल्या होत्या, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "चुलीवर?" मी म्हटलं, "चुलीच्या वरच्या फळीवर," जणू त्यानं फरक पडणार होता. माहिती परत काढणारे लोक शहरात आहेत, पण त्यांना काही आठवडे लागतील आणि खात्री नाही, असं सांगून त्यानं फोन ठेवला.

शालनवैनी खुर्चीवर बसल्या. त्या रडल्या नाहीत, माझ्यावर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाई, गोदामातलो माल गेलो नाय तर औंदा बॉयलर पेटूचो नाय. माज्याकडे दुसरो हंगाम काढूक काय एक नाय. ह्या बायकांका मी काय सांगू? आणि दिरांका काय सांगू?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. डबे गोदामात सुखरूप होते, आतला रस उत्तम होता, शिजवण्यात एका अंशाची चूक नव्हती. घडलं होतं ते सगळं खरं होतं, आणि ते खरं असल्याचं लक्षात ठेवायचं काम मी घेतलं होतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "बघतो, वैनी," आणि बाहेर आलो. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आबा माझ्यामागून आले. विडी पुढे केली. मी ओढत नाही, पण घेतली.

"तिसरी बघलंस?" त्यांनी विचारलं.

"आबा, ती पण त्याच चुलीवर होती. वर तिच्यात तांदूळ."

"दसऱ्यापसून ती चुलीर नाय. मी देवाच्या कपाटात ठेवलंय."

मी विचारलं, कपाटात का? तेव्हा आबांनी सांगितलं ते असं. खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. आबांचा नियम असा, की नुसतं फूल वाहून पूजा होत नाही, यंत्र एकदा चालवायला हवं. म्हणून बॉयलर थोडा पेटवतात, रस काढायचं यंत्र रिकामं फिरवतात. या वेळी नवीन संगणक होता, तर तोही चालवायचा असं त्यांनी ठरवलं. वैनींकडून डिस्का मागितल्या. वैनी म्हणाल्या, दोन घालतात. आबा म्हणाले, "एक पुरो. देव काय दोनदा वाचता?" एक डिस्क घातली, संगणक चालू केला, आणि पूजेतलं यंत्र दसऱ्याच्या आरतीपर्यंत बंद करायचं नाही म्हणून तो रात्रभर तसाच चालू ठेवला. मग डिस्कला हळदकुंकू लावून, पूजेची वस्तू पुन्हा सुक्या मासळीशेजारी कशी ठेवायची म्हणून, देवाच्या कपाटात ठेवली. थंड, अंधाऱ्या, सागवानी कपाटात.

हे ऐकताना विडीचा चटका बोटाला बसला तेव्हा मी भानावर आलो आणि आत धावलो.

खिडकीतली डिस्क घेतली. बॅगेतून स्पिरिट आणि दात घासायचा ब्रश काढला. खाचेतून एकेक अक्षत सुईनं बाहेर काढली. मघाशी ज्या बायकांना ऐकू जावं म्हणून मी आवाज चढवला होता, त्या आता माझ्या मागे गोल करून उभ्या होत्या. कुंकू काही केल्या पूर्ण निघेना. शेवटी तसंच थोडं राहू दिलं आणि डिस्क जोडली.

नाव आलं. आकार आला. नोंदींचं दार मी उघडलं आणि डोळे मिटून घेतले. खरंच मिटले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"भाई, ह्यो आमचो पयलो लॉट मां?" वैनींचा आवाज आला.

डोळे उघडले. पहिला लॉट होता. त्याखाली दुसरा, तिसरा. वैनी माझ्या हातातून माऊस घेऊन खाली खाली जात राहिल्या. थोड्या अडखळत उघडत होत्या नोंदी, पण उघडत होत्या. शेवटच्या लॉटवर पोचल्यावर वैनींनी पदर डोळ्यांना लावला आणि मागच्या बायकांत एकदम गलका झाला. मी आधी तीन वेगळ्या ठिकाणी प्रत काढली, त्यातली एक जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर. ती घर्र घर्र आवाज करत होती आणि मला तो आवाज अंगाईसारखा गोड लागला.

तपासणीस आले, नोंदी बघितल्या, डब्यांवरचे आकडे ताडून पाहिले. डिस्कवरच्या लाल डागाबद्दल त्यांनी विचारलं, तर वैनी अस्खलित शुद्ध मराठीत म्हणाल्या, "ती आमची देखभालीची खूण आहे." साहेब मान डोलावून कोकम सरबत प्यायले. थोड्या दिवसांनी मालाचे ट्रक तळेऱ्याला हायवेला लागले आणि बॉयलर वेळेवर पेटला.

मला मात्र आबांना खरं कारण समजावून सांगितल्याशिवाय चैन पडेना. ज्ञानाची खाज वाईट. मी त्यांना कप्पे, वीज, गळती, सगळं सांगितलं. चालू ठेवलेल्या त्या एका रात्रीत डिस्कनं आपले कप्पे तपासले असणार, पुन्हा भरले असणार, आणि पुढे कपाटातला थंडावा कामाला आला, हेही सांगितलं. आबांनी सगळं नीट ऐकलं.

"म्हंजे तिका झोप लागली हुती, ती देवान जागी केल्यान. ह्याच मां?"

मी म्हटलं, "जवळपास." यापुढे वाद घालायची माझी लायकी उरली नव्हती.

त्यानंतर मी शहाणा झालो, असं लिहायला मला आवडलं असतं. मी एक छापील कार्ड केलं. 'डिस्क बंद ठेवू नये, दर काही महिन्यांनी एक दिवस चालू ठेवावी.' जिल्ह्यातल्या सगळ्या हंगामी गिऱ्हाइकांना वाटलं. पुढच्या खेपेला गेलो तर एकानं ते डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं होतं. चालू कोणीच ठेवली नव्हती. माझ्या कार्डापेक्षा आबांचा नियम जास्त टिकाऊ आहे, हे तेव्हा पटलं. आता मी गिऱ्हाइकांना एवढंच सांगतो, खंडेनवमीला संगणकाची पूजा करा आणि दसऱ्याची आरती होईपर्यंत बंद करू नका. हे कोणी विसरत नाही. फोंडाघाटच्या काजूवाल्यापासून मालवणच्या त्या गॅलरीवाल्यापर्यंत सगळे करतात. माझा विज्ञानावर विश्वास आहे, पण विज्ञानाला तिथीची सोय नाही. फक्त एवढी विनंती करतो, की कुंकू खाचेपासून लांब लावा. अक्षता नकोत. धूप चालेल.

वैनींच्या कारखान्यात आता नोंदींची एक प्रत दुसऱ्या गावीही असते. भाव चढल्यामुळे नवीन डिस्का घ्यायला त्या थोड्या थांबल्यात आणि मीही आता त्यांना निवृत्त माल आणून देत नाही. पण खंडेनवमीला मी विजयदुर्गाला जातोच. यंदाही गेलो. बॉयलर थोडा पेटला, रसाचं यंत्र रिकामं फिरलं, संगणक चालू झाला. मग आबांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवाशी खणखणीत आवाजात केलेलं बोलणं, आणि प्रत्येक मागणीला जमलेल्या सगळ्यांनी होकार द्यायचा.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमलेली आसत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बॉयलराक, यंत्राक, हात लावतल्या सगळ्या बायामाणसांक सुखरूप ठेव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वैनीचो घो समुद्रार आसा, तेका बरो ठेव आणि बऱ्या वेळेर घराक हाड, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी वैनींचा आवाज वेगळा ऐकू आला.

मला वाटलं संपलं. मी हात सोडणार, तेवढ्यात आबांनी डोळे मिटूनच मान माझ्याकडे वळवली.

"आणि ह्यो डिस्कवालो भाई आसा, तेच्या डोक्यात तू जी काय थोडी अक्कल घातलेली आसस, ती वेळच्या वेळी जागी करीत ऱ्हव, रे म्हाराजा!"

टाक्या घासणाऱ्या, आंबे कापणाऱ्या, डबे पुसणाऱ्या सगळ्या बायका एका आवाजात ओरडल्या. पत्रे हादरले. त्या गलक्यात माझाही आवाज होता, आणि मी तो अगदी मनापासून काढला होता.

"व्हय म्हाराजा!"